म्यूट केलं, पण कोणाला?

टेबलावर तीन माइक, चार स्पीकर आणि कीबोर्डवर म्यूटची एकच की. लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या वर्क फ्रॉम होममधला छोटासा, पण थेट अब्रूशी खेळणारा प्रश्न!

राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटमधली सोमवारची सकाळ डोळ्यांसमोर आणा. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण खुर्ची कोल्हापुरातली. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला मोठा मॉनिटर, मॉनिटरच्या डोक्यावर चिमटा लावून बसवलेला वेबकॅम, बाजूला सेलमध्ये घेतलेले छोटे यूएसबी स्पीकर आणि कानात ब्लूटूथ हेडफोन. मीटिंग रंगात आलेली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक, "अरे, दूधवाल्याचं बिल भागवलंस काय?"

बोट सवयीनं माइक बंद करायच्या कीवर जातं. कीवरचा इवलासा दिवा लागतो. मग निवांतपणे आईला उत्तर, आणि ओघात मॅनेजरबद्दल दोन अस्सल कोल्हापुरी शब्द. पुढच्याच क्षणी चॅटमध्ये टीममधल्या दोस्ताचा मेसेज टपकतो, "भावा, आवाज यायलाय की तुझा!"

आता गंमत बघा. की बिघडलेली नाही. लॅपटॉपही ठणठणीत आहे. दिवा खोटं बोललेला नाही. माइक खरोखरच म्यूट झाला होता, फक्त तो लॅपटॉपच्या पोटातला माइक होता. मीटिंगचं ॲप ऐकत होतं वेबकॅमच्या माइकवरून. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं!

लिनक्स म्हणजे दाढीवाल्या प्रोग्रामर मंडळींचा प्रांत, असं समजायचे दिवस गेले. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरच्या चांगल्या चालणाऱ्या, पण विंडोज ११ ला 'नापास' ठरलेल्या लॅपटॉपचं करायचं काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याचं एक फुकट उत्तर म्हणजे उबुंटू, मिंट, फेडोरा. आयटीवाले तर आधीपासून तिथं आहेतच. म्हणजे हा प्रश्न आता फक्त 'गीक' लोकांचा उरलेला नाही. ज्याच्या घरात आई, आजी, प्रेशर कुकर आणि मीटिंग एकाच वेळी चालू असतात, त्या प्रत्येकाचा आहे.

तोंडं चार, कान तीन

वरच्या टेबलावरचा हिशोब करू. आवाज बाहेर पडायच्या जागा किती? लॅपटॉपचा स्पीकर, एचडीएमआय केबलमधून मॉनिटर, यूएसबी स्पीकर आणि ब्लूटूथ हेडफोन. झाले चार. आवाज आत जायच्या जागा? लॅपटॉपचा माइक, वेबकॅमचा माइक आणि हेडफोनचा माइक. हे तीन. लिनक्सच्या भाषेत पहिल्या गटाला 'सिंक' म्हणतात, म्हणजे आवाज जिथं जाऊन पडतो ती मोरी म्हणा ना! दुसऱ्या गटाला 'सोर्स', म्हणजे आवाज जिथून येतो तो नळ.

मुद्दा असा, की लिनक्स प्रत्येक सिंक आणि प्रत्येक सोर्सचं म्यूट वेगवेगळं लक्षात ठेवतं. सातही जागांना आपापलं बटण आहे असं समजा. त्यांतला एक सिंक आणि एक सोर्स 'डिफॉल्ट' ठरलेला असतो. कीबोर्डवरची म्यूट की दाबली, की वर्षानुवर्षांच्या रिवाजाप्रमाणे हुकूम सुटतो तो त्या डिफॉल्टला. बाकीचे आपापल्या कामात दंग.

हे डिफॉल्टही एका जागी स्वस्थ बसत नाही. हेडफोन चालू झाला, केबल निघाली, मॉनिटर झोपी गेला, की माळ दुसऱ्याच्या गळ्यात पडू शकते. त्यात भर म्हणजे मीटिंगच्या ॲपमध्ये तुम्ही सहा महिन्यांपूर्वी कधीतरी 'माइक : वेबकॅम' असं स्वतःच निवडून ठेवलेलं असतं. ते ॲप मग डिफॉल्टला विचारत नाही. की एकाचं ऐकते आणि ॲप दुसऱ्याचं.

स्पीकरच्या बाजूलाही हाच घोळ आहे. रात्री सगळे झोपलेत, तुम्ही केबलवाला हेडफोन लावून मॅच बघताय. फोन आला म्हणून म्यूट दाबलंत, मॅच तशीच चालू ठेवलीत, हेडफोन उपसून ठेवलात आणि... लॅपटॉपचा स्पीकर कॉमेंट्रीसकट केकाटतो! कारण म्यूट हेडफोनच्या नावावर जमा होतं. स्पीकरचं स्वतःचं खातं वेगळं, आणि त्यात 'चालू' लिहिलेलं. तुमच्या दृष्टीनं तुम्ही 'आवाज' बंद केला होता. यंत्राच्या दृष्टीनं तुम्ही एक दार बंद केलं होतं.

एकच कार्ड होतं तेव्हा...

हे असं का झालं, याला कारण आहे आणि ते मूर्खपणाचं नाही. मल्टिमीडिया कीबोर्ड आले तेव्हा पीसीमध्ये साऊंड कार्ड असायचं एक आणि त्याला दोन डबडा स्पीकर. लिनक्सवर तर त्या काळी बऱ्याच कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम आवाज काढू शकायचा. गाणं लागलंय तर मेसेंजरची टिंग नाही! अशा जगात म्यूट म्हणजे म्यूट. 'कोणतं?' हा प्रश्नच नव्हता.

मग एकेक मजला चढत गेला. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६ मध्ये 'अल्सा' ही नवी ध्वनियंत्रणा आली. २००४ मध्ये लेनार्ट पोएटरिंग या जर्मन प्रोग्रामरनं पुढं 'पल्सऑडिओ' म्हणून गाजलेलं काम सुरू केलं. अनेक ॲप्सचा आवाज एकत्र करणं, चालू गाणं स्पीकरवरून उचलून हेडफोनवर नेणं, प्रत्येक ॲपला वेगळा व्हॉल्यूम देणं, हे सगळं त्यातून आलं. नोव्हेंबर २००७ मध्ये फेडोरा ८ नं आणि एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ नं ते थेट सगळ्यांच्या ताटात वाढलं. सुरुवातीला लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, कारण कधी आवाज तुटायचा, तर कधी गायबच व्हायचा. पण आज आपण सहज जे करतो त्याचा पाया तिथं आहे. त्याची जागा पुढं 'पाइपवायर'नं घेतली. रेड हॅटमधल्या विम टायमन्स यांचं हे काम. फेडोरानं एप्रिल २०२१ मध्ये ते आवाजासाठी डिफॉल्ट केलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. (हीच ती रेड हॅट, जिचं पुण्यात मोठं इंजिनिअरिंग ऑफिस आहे आणि आपल्याकडची बरीच मुलं तिथं आहेत.)

या सगळ्या प्रवासात यंत्रणा वाढत गेली. म्यूट की मात्र एक कार्ड आणि दोन स्पीकरच्या जमान्यातच राहिली.

की बिचारी तरी काय करणार? ती फक्त एक नंबर पाठवते. लिनक्समध्ये आवाज म्यूट करायच्या कीचा नंबर आहे ११३. 'हेडफोन बंद कर' किंवा 'सगळं बंद कर' असं काही ती म्हणत नाही. ती म्हणते, '११३'! त्याचा अर्थ लावायचा डेस्कटॉपनं, म्हणजे ग्नोमनं, केडीईनं, तुम्ही जे वापरता त्यानं.

माइकच्या म्यूट कीची कहाणी तर त्याहून धमाल आहे. लिनक्स कर्नलमध्ये तिचा नंबर २४८. जुनी 'एक्स ११' ही स्क्रीन सांभाळणारी यंत्रणा कर्नलच्या प्रत्येक नंबरात ८ मिळवते. २४८ अधिक ८ म्हणजे २५६. आणि एक्स ११ मध्ये जागा आहेत २५५ पर्यंतच! म्हणजे एसटी फुल्ल, आणि हा नेमका शेवटचा प्रवासी फाटकात लोंबकळतोय. मग तोडगा काय काढला? त्याला एफ२० नावाच्या, सहसा कोणी न वापरणाऱ्या कीच्या सीटवर बसवला. कितीतरी लॅपटॉपवर माइकची की अनेक वर्षं 'मी एफ२०' असं सांगत फिरत होती. नवी 'वेलँड' यंत्रणा या २५५ च्या कुंपणात अडकलेली नाही, पण जुनी सोय अजून जागोजागी टिकून आहे.

जाता जाता : मूकपटांचं आणि बोलपटांचं कोल्हापूरशी नातं जुनं आहे. १९२९ मध्ये इथं सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं आधी मूकपट काढले आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट. मूकपटात एक सोय होती. म्यूट झालंय का, हे बघायला दिवा लागत नव्हता!

तो दिवा काय सांगतो?

दिव्याचं निघालंच आहे तर त्याची उलटतपासणी करू, कारण सगळ्यात जास्त विश्वास आपण त्याच्यावरच टाकतो.

जून २०२१ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१३ मध्ये कीवरचे म्यूटचे दिवे सांभाळायची व्यवस्थित सोय आली. तिचा नियम ऐकायला शहाणा आहे. दिव्याशी जोडलेली सगळी बटणं बंद असतील तरच म्यूटचा दिवा लावायचा. त्यातलं एक जरी चालू असलं तरी दिवा विझलेला. झक्कास! पण 'दिव्याशी जोडलेली' म्हणजे कोण? तर सहसा लॅपटॉपच्या स्वतःच्या साऊंड कार्डावरची. बाहेरून यूएसबीला लावलेला वेबकॅम त्या यादीत नसतो. ब्लूटूथ हेडफोन तर कर्नलच्या लेखी नेहमीचं साऊंड कार्डच नाही.

म्हणून दोन उलटसुलट प्रकार घडतात. वर पाहिला तो पहिला : दिवा लागलाय आणि वेबकॅम ऐकतोय. दुसरा असा की डिफॉल्ट माइक यूएसबीचा आहे, तुम्ही की दाबली, तो खरोखर बंद झाला, पण दिवा लागलाच नाही. तुम्हाला वाटतं दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबता. झालं, माइक चालू!

माझ्या मते अर्धवट खरं सांगणाऱ्या दिव्यापेक्षा दिवा नसलेला परवडला. दिवा नसेल तर माणूस निदान स्क्रीनकडे बघतो.

डॉल्बी बंद म्हणजे डॉल्बी बंद

मग कीनं वागावं कसं? यावर लिनक्सच्या दुनियेत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, फक्त डिफॉल्ट. दुसरा म्हणतो, सगळं. निकाल द्यायच्या आधी कोल्हापूरच्या गणपती मिरवणुकीत जाऊन येऊ.

मंडळाचा डॉल्बी (आपल्याकडे स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात, कंपनी कुठलीही असो) दणाणतोय. पोलीस येऊन म्हणतात, "बंद करा." ऑपरेटर जर म्हणाला, "साहेब, डावीकडची भिंत बंद केली, तीच आमची डिफॉल्ट आहे," तर काय होईल ते सांगायला नको. बंद करा म्हणणाऱ्याला कानावर पडणारा आवाज बंद हवा असतो. तो किती डब्यांतून येतोय, हा ऑपरेटरचा प्रश्न.

म्यूट की घाईत दाबली जाते. बॉस केबिनमध्ये शिरला, बाळ झोपलं, लायब्ररीत चुकून व्हिडिओ सुरू झाला. त्या क्षणी 'माझं डिफॉल्ट सिंक कोणतं बरं?' असा विचार करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणून माझं मत सरळ आहे : एकदा दाबलं की सगळं गप्प.

माइकच्या बाबतीत तर चर्चेला जागाच नको. स्पीकर चुकून चालू राहिला तर ओशाळवाणं होतं, दोन माणसं वळून बघतात, संपलं. माइक चालू राहिला तर तुमच्या घरातलं बोलणं दुसऱ्या शहरातल्या बारा लोकांच्या कानात जातं. आईचं दूधबिल, आजीच्या औषधांची नावं, बायकोशी ईएमआयवरून झालेली कुरबुर, नोटीस पिरियडमधल्या मित्राचा पगाराचा आकडा. यातल्या कोणीच मीटिंग जॉईन केलेली नसते! तुमची सहा बाय चारची खोली हे तुमचं ऑफिस असेल, पण त्यांचं ते घर आहे. त्यांच्या वतीनं ती एक की दाबली जाते. ती दाबल्यावर एकही माइक चालू राहता कामा नये.

पण 'सगळं म्यूट करा' हे बोलायला सोपं आहे. करायला गेलं की खड्डे दिसतात.

पहिला खड्डा उलटापालटीचा. म्यूट की ही एकदा दाबली की बंद, पुन्हा दाबली की चालू अशी असते. समजा लॅपटॉपचा माइक आधीच बंद आहे आणि वेबकॅमचा चालू. आता एखाद्या उत्साही प्रोग्रामरनं 'प्रत्येकाला उलटं कर' असं लिहिलं, तर काय होईल? वेबकॅम बंद होईल आणि लॅपटॉपचा माइक चालू! तुम्ही कितीही वेळा दाबा, एक कान सतत उघडाच. म्हणून आधी बघायला हवं : एक तरी चालू आहे का? असेल तर सगळे बंद. सगळेच बंद असतील, तरच उघडायचं.

दुसरा खड्डा उघडताना. उघडताना काय सगळेच उघडायचे? मुळीच नाही. म्यूट करण्याआधी जे चालू होते तेवढेच. यूएसबी स्पीकर तुम्ही गेल्या आठवड्यापासून मुद्दाम बंद ठेवलाय आणि हेडफोनचा म्यूट काढल्याबरोबर तोही बोंबलायला लागला, तर ती नवीच डोकेदुखी. बंद करताना मेन स्विच, चालू करताना मात्र ज्या खोलीत दिवा होता तिथंच दिवा, असा हिशोब हवा.

तिसरा खड्डा ज्यांना माहीत नाही ते हमखास पडतात. लिनक्समध्ये प्रत्येक सिंकच्या मागं एक 'मॉनिटर' नावाचा सोर्स असतो. म्हणजे स्पीकरवर जे वाजतंय ते रेकॉर्ड करायची सोय. यादीत तो सोर्स म्हणूनच दिसतो, पण तो माइक नव्हे. 'सगळे सोर्स म्यूट' असं आंधळेपणानं केलं की तोही गप्प होतो. मग तासभर रेकॉर्ड केलेल्या ट्रेनिंग सेशनमध्ये चित्र हलतंय आणि आवाज शून्य. तेव्हा माइक तेवढे गाठायचे आणि मॉनिटर वगळायचे.

चौथा, मध्येच आलेला पाहुणा. सगळं म्यूट आहे आणि तुम्ही आत्ता हेडफोन जोडला. तो नव्यानं आलाय, त्याच्या खात्यावर 'चालू' लिहिलंय. ब्लूटूथचं तर आणखी वेगळं. गाणी ऐकताना हेडफोन एका प्रोफाइलमध्ये असतो, माइक लागला की दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जातो, आणि यंत्रणेच्या दृष्टीनं जुनं सिंक जाऊन नवं येतं. म्यूट ही 'या यंत्राची अवस्था' मानली, तर नवा पाहुणा बोलत सुटणारच. ती 'या टेबलाची अवस्था' मानली, तर नव्यानंही दारातच चप्पल काढून, गप्प आत यावं.

आता दुसऱ्या पंथाचंही ऐकू, कारण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. घरी गाणी मिक्स करणारा डीजे स्पीकरवर पार्टीचं गाणं वाजवतो आणि हेडफोनवर पुढचं गाणं जुळवतो. त्याला एकच बंद हवं असतं. कोणी हेडफोनवर मीटिंग ऐकतो आणि स्पीकरवर मंद गाणी लावतो. गाणी बंद करायला गेल्यावर क्लायंटचा आवाजही गेला तर तो वैतागणारच. मान्य! पण ही मंडळी सहसा आपलं सेटिंग जाणून असतात. त्यांच्यासाठी शिफ्टसकट म्यूट दाबलं की फक्त डिफॉल्ट बंद, अशी सोय करता येईल. साधी की मात्र घाबरलेल्या माणसासाठी राखून ठेवावी.

आणि एक माफक मागणी : की दाबल्यावर स्क्रीनवर नुसतं स्पीकरवर काट मारलेलं चित्र नको. काय बंद झालं त्याचं नाव दाखवा. 'तिन्ही माइक बंद' असे तीन शब्द. एवढंसं काम, पण किती जणांचा जीव भांड्यात पडेल!

शेजाऱ्यांकडे काय चाललंय?

विंडोजची म्यूट कीसुद्धा डिफॉल्ट आऊटपुटलाच गप्प करते. त्यामुळे 'लिनक्समध्ये असंच असतं' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मोबाइलवाले मात्र थोडे पुढं गेले. अँड्रॉइड १२ मध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, माइकचं एकच बटण आलं आणि ते दाबलं की सगळ्या ॲप्सचा माइक बंद. हेडफोन निघाल्याबरोबर ॲपला 'आता आवाज चारचौघांत जाईल, सांभाळ' असा इशारा द्यायची सोय तर अँड्रॉइडमध्ये कितीतरी आधीपासून आहे. म्हणूनच हेडफोन उपसला की फोनवरचं गाणं थांबतं. मघाची रात्रीची मॅच आठवा.

ॲपलनं २०१८ पासून टी-२ चिपवाल्या मॅकबुकमध्ये झाकण मिटलं की आतला माइक हार्डवेअरमधूनच तोडला. फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपवर स्क्रीनच्या कडेला माइक आणि कॅमेऱ्यासाठी सरकवायचे खरेखुरे स्विच आहेत, आणि लिनक्सवाल्यांमध्ये हे लॅपटॉप लाडके आहेत. पण तो स्विचही आतल्याच माइकचा. वेबकॅमचा माइक तिथंही मोकळा.

"मग ॲपमधलंच म्यूट वापरावं की," असं तुम्ही म्हणाल. वापराच. पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मीटिंगची लोकप्रिय ॲप्स तपासली. ॲपमध्ये म्यूट दाबल्यावरही त्यातली बरीचशी माइकपर्यंत पोहोचत होती. एक ॲप तर म्यूट असताना आवाजाच्या पातळीची आकडेवारी सर्व्हरला पाठवत होतं (कंपनीनं ते नंतर बंद केलं). त्या आकड्यांवरून म्यूट केलेला माणूस स्वयंपाक करतोय, साफसफाई करतोय की टायपिंग, हे संशोधकांना सुमारे ८२ टक्के अचूकतेनं ओळखता आलं. ब्राउझरमधून जोडलेल्या मीटिंगमध्ये ब्राउझर स्वतः मध्ये उभा असतो, त्यामुळे तिथं परिस्थिती बरी आढळली. मला यातून समजतं ते असं, की ॲपचं म्यूट ही मीटिंगमधल्या लोकांसाठीची सोय आहे. ॲपसकट सगळ्यांना गप्प करायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचंच. आणि त्यासाठीच कीबोर्डवरची ती की नीट वागली पाहिजे.

तोवर काय कराल?

सगळ्यात सोपा फंडा फुकट आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक आणि स्पीकर दोन्हींना यंत्राचं नाव न देता 'डिफॉल्ट' निवडा. मग की ज्याला हुकूम देते त्याचंच ॲप ऐकतं आणि निम्मी भानगड मिटते. माइक बदलायचा असेल तर डेस्कटॉपच्या साऊंड सेटिंगमध्ये बदला, ॲपमध्ये नको.

दुसरं, जे लागत नाही ते काढून टाका. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. पाइपवायर असलं तरी तो चालतो. त्याच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये प्रत्येक यंत्रासमोर 'ऑफ' असा पर्याय मिळतो. मॉनिटरमधले टिनपाट स्पीकर आयुष्यात कधी वापरले नसतील तर ते ऑफ. वेबकॅम फक्त चेहऱ्यासाठी असेल तर त्याचा माइक ऑफ. जो यादीतच नाही, तो तोंडघशी पाडणार कसा?

ज्यांना चार ओळी लिहायचा कंटाळा नाही त्यांनी 'पीएसीटीएल' कमांड वापरून छोटी स्क्रिप्ट करावी आणि कीबोर्ड सेटिंगमधून ती माइकच्या कीला बांधावी. स्क्रिप्टनं करायचं ते वर सांगितलंच आहे. मॉनिटर वगळून सोर्सची यादी घ्यायची, एक तरी चालू असेल तर चालू असलेल्यांची नावं एका फाइलमध्ये टिपून सगळे बंद करायचे, आणि सगळेच बंद असतील तर फाइलमधली नावं तेवढी उघडायची. टीममधल्या एखाद्या लिनक्सवेड्याला एक मिसळ खिलवली तर तो जेवणाच्या सुट्टीत लिहून देईल.

हेडफोनवरच्या म्यूट बटणाचं मात्र भान ठेवा. ते बऱ्याचदा हेडफोनच्या आतच माइक बंद करतं आणि लॅपटॉपला पत्ताही नसतो. म्हणजे हेडफोनचं, सिस्टिमचं आणि ॲपचं अशी तीन म्यूट एकावर एक चढू शकतात. मग "हॅलो, ऐकू येतंय का?" करत पाच मिनिटं जातात. उघडताना कानापासून सुरुवात करा : आधी हेडफोन, मग कीबोर्ड, शेवटी ॲप. ॲप शेवटी, म्हणजे मधली खटपट कोणाला ऐकू जात नाही.

पुढच्या मीटिंगआधी दोन मिनिटांची परीक्षा घेऊन बघा. त्याच व्हॉल्यूम कंट्रोलचा इनपुट डिव्हाइसेस टॅब उघडा आणि खालच्या यादीतून सगळे इनपुट दिसतील असं निवडा. प्रत्येक माइकखाली आवाजाबरोबर नाचणारी एक पट्टी दिसते. आता माइक म्यूटची की दाबा, कीवरचा दिवा बघा आणि मोठ्यानं काहीतरी बोला, अगदी दूधवाल्याचा हिशोबसुद्धा चालेल. मॉनिटरवाल्या पट्ट्या सोडून एखादी तरीही नाचत असेल, तर वर त्या माइकचं नाव लिहिलेलं असतं.